सायलेन्सरचं काम

क्रेगीबर्न,
२६ नोव्हेंबर २०२०

प्रिय रेनी,

या घरातून टूवूंबाला तुझ्याकडे पत्र आलेलं तुला आठवणार नाही, कारण आजवर एकही पाठवलेलं नाही. मम्मीची मसाल्याची पार्सलं तेवढी आली. तेव्हा पाकीट बघून घाबरू नकोस, आम्ही दोघं ठीक आहोत. मम्मीच्या आतापर्यंत अकरा टेस्ट झाल्या, सगळ्या निगेटिव्ह. मराठीत लिहितोय कारण इंग्रजीत मला जॉबकार्ड भरण्यापलीकडे काही लिहिता येत नाही, आणि तू सहावीपर्यंत वसईच्या शाळेत मराठीतून शिकलेली आहेस. वाचायला वेळ लागेल. लागू दे. एखादा शब्द अडला तर विवेकला विचार. त्याने सगळं वाचलं तरी माझी हरकत नाही, तो तुझा नवरा आहे आणि या पत्रातला शेवटचा भाग त्याचाही आहे.

मला जे सांगायचंय त्याची सुरुवात मोटरसायकलपासून होते, म्हणून तिथूनच सुरू करतो. तुला मोटरसायकलमध्ये रस नाही हे मला माहीत आहे. तरी क्रमाने सांगू दे. क्रम सोडून बोलायला गेलो की मी मधलं नेमकं विसरतो.

आमचं वर्कशॉप हॉटेलांसाठी स्टीलची काउंटरं बनवतं. हॉटेलंच बंद, तेव्हा काउंटर कोणाला हवंय. जूनमध्ये आठवड्यातले दोन दिवस बोलावलं, जुलैमध्ये तेही थांबलं. मम्मीचं उलट झालं. तिच्या नर्सिंग होमच्या पलीकडच्या विंगमध्ये कोविड शिरला, निम्मा स्टाफ घरी बसला आणि उरलेल्यांना डबल शिफ्ट लागल्या. ती तुझ्या जुन्या खोलीत राहायला गेली. जेवण मी दाराबाहेर ठेवायचो. बाथरूमला जाताना ती मास्क लावून निघायची आणि मी पॅसेजमधून बाजूला व्हायचो. एका घरात आम्ही अकरा आठवडे असे राहिलो. ती दाराआडून काही बोलायची, मी इकडून हो म्हणायचो. सकाळी तिची गाडी गेली की घर माझं, आणि गॅरेजमध्ये ती निळी टूरिंग बाइक.

तेराशे सीसीची गाडी, वजन पावणेतीनशे किलो, दोन्ही बाजूंना कपड्यांच्या पेट्या, पुढे वारा अडवायला काच. एका दिवसात सातशे किलोमीटर जायला बनवलेली. आणि लॉकडाऊनचा नियम असा की घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. बॅटरी उतरू नये म्हणून मी ती एक दिवसाआड दहा मिनिटं चालू ठेवायचो. जुलैच्या शेवटी केव्हातरी लक्षात आलं की तिचा आवाज बसलाय. पूर्वी एक करकरीत धार होती, ती गेली होती. कोणी इंजिनवर गोधडी टाकल्यासारखा आवाज. भुईगावला आपल्याकडे जुनी साडेतीनशे सीसीची गाडी होती ती तुला आठवत असेल. मी तिठ्यावर वळलो की तू आवाज ओळखून फाटक उघडायला धावायचीस, आणि त्याच रस्त्यावरून चर्चच्या बँडवाल्याची तसलीच गाडी गेली तर जागची हलायची नाहीस. तेव्हा आवाजातला फरक हा आपल्या घरात सगळ्यांनाच कळायचा. म्हणून या गाडीचा आवाज बसलाय यात मला काही शंका नव्हती.

एअर फिल्टर पाहिला, साफ होता. प्लग बदलले. मग वाटलं सायलेन्सरच्या आत काहीतरी सुटून आडवं पडलं असेल. दोन्ही बाजूंच्या पेट्या काढल्या, क्लॅम्प ढिले केले, दोन्ही सायलेन्सर बाहेर काढले. हलवून पाहिले, आत काही वाजलं नाही. मग मागची वेल्डिंग ग्राइंडरने कापून एक उघडला. तुला थोडक्यात सांगतो. आत तीन खण असतात, मध्ये पत्रे असतात आणि धूर मागे-पुढे फिरून दमून बाहेर पडतो, म्हणून आवाज कमी होतो. सगळं जागच्या जागी होतं. एवढं उघडलंच आहे तर तसंच बंद कशाला करायचं, असं म्हणून मी पत्रे काढून टाकले. त्याऐवजी भोकं पाडलेली एक सरळ नळी घातली, तिच्याभोवती आवाज शोषणारी ग्लासवूल गुंडाळली आणि पुन्हा वेल्डिंग केलं. दुसऱ्याचंही तसंच. स्टेनलेसचं वेल्डिंग आतून काळं पडू नये म्हणून बाहेरून करताना आत गॅस सोडावा लागतो, त्यात दोन दिवस गेले. काम चांगलं झालं. तीस वर्षं तेच करतोय, तेव्हा चांगलं न व्हायला काही कारण नव्हतं.

बसवून गाडी चालू केली. फरक पडला होता, पण मला हवा होता तेवढा नाही. सीटवर हात ठेवला की हादरा जास्त जाणवत होता, आवाज मात्र अजूनही गोधडीखालचाच.

याच सुमाराला शेजारचा हृषिकेश कुंपणापाशी आला. तू त्याला पाहिलेलं नाहीस, फेब्रुवारीत राहायला आला. पुण्याचा आहे, सॉफ्टवेअरमध्ये. बायको मंजिरी प्रायमरीत शिकवते, तेव्हा त्यांच्या मागच्या खोलीतून लॅपटॉपवर तिचा वर्ग चालायचा. तो काळा मास्क लावून कुंपणाच्या पलीकडे उभा राहिला, हाताने गाडीकडे दाखवत काहीतरी बोलला. मला वाटलं काम बघून खूश झालाय. मी म्हटलं, “हो हो, छान. नो वरीज, मेट.” आणि अंगठा दाखवला. तो आत गेला. पुढच्या दोन आठवड्यांत तो आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा माझं उत्तर तेच.

ऑगस्टच्या मध्यात मी सायलेन्सर परत उघडले. यावेळी नळी आणखी जाड घेतली आणि ग्लासवूल निम्मी केली. हवा मोकळी झाल्यामुळे इंजिनला पेट्रोल कमी पडायला लागलं, ॲक्सिलरेटर सोडला की मागून फटाके फुटायचे. त्यासाठी पेट्रोलचं प्रमाण वाढवून घेतलं. ते फटाके मला ऐकू येत होते. तेवढ्यावर मी समाधान मानत होतो.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुधाचं निमित्त काढून गाडी बाहेर नेली. शॉपिंग सेंटरच्या वळणावर पोलिसांनी थांबवलं. एक तरुण कॉन्स्टेबल, उंच, निळा मास्क. मी हेल्मेटची काच वर केली. त्याने काही विचारलं, मी सांगितलं, तेराशे सीसी. त्याने परत विचारलं, मी सांगितलं, दोन हजार बाराचं मॉडेल. तिसऱ्यांदा विचारल्यावर मला वाटलं लायसन्स मागतोय, मी लायसन्स काढून दिलं. त्याने जोडीदाराकडे पाहिलं. जोडीदारीण गाडीतून उतरून आली. तिने मला हेल्मेट काढायला लावलं, इंजिन बंद करायला लावलं, आणि पुन्हा विचारलं. मी तिच्या मास्ककडे बघत राहिलो. शेवटी तिने खिशातली डायरी काढली आणि मोठ्या अक्षरांत लिहून माझ्यापुढे धरलं. त्याचं मराठी असं होईल की तुम्ही घरापासून किती दूर आहात, आणि तुम्हाला ऐकू येतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तीन किलोमीटर. दुसऱ्याचं दिलं नाही. तिनेही आग्रह धरला नाही. सायलेन्सरकडे बोट दाखवून मान हलवली आणि जायला सांगितलं. मी दूध न घेताच घरी आलो.

त्याच दुपारी फोनवर हृषिकेशचा मेसेज आला. तो तसाच उतरवतो, अजून फोनमध्ये आहे. “एडवर्ड काका, राग मानू नका. मी तीनदा येऊन विनंती केली की मंजिरीच्या वर्गाच्या वेळात गाडी चालू करू नका. तीनही वेळा तुम्ही हो हो, छान म्हणालात, आणि नंतर आवाज आणखी वाढवलात. आमचं काही चुकलं असेल तर स्पष्ट सांगा. असं करू नका.” मी तो तीन-चार वेळा वाचला. मग त्याला लिहिलं की पुढच्या अंगणात ये, लांब उभा राहा आणि हा आवाज मोजता येतो का बघ. तो आला. फोनमध्ये आवाज मोजायचं ॲप घेतलं, फोन कचऱ्याच्या पिवळ्या झाकणाच्या डब्यावर ठेवला आणि मला खूण केली. मी गाडी चालू करून ॲक्सिलरेटर अर्ध्यापर्यंत पिळला. बंद केल्यावर आकडा पाहिला, एकशे सात डेसिबल. माझा अंदाज पंच्याऐंशीचा होता. पण त्या आकड्यापेक्षा मला हृषिकेश जास्त लक्षात राहिला. तो डब्यापासून चार पावलं मागे उभा होता आणि त्याने दोन्ही कानांत बोटं घातली होती, डोळे मिटून घेतले होते. मी गाडीला टेकून उभा होतो, आणि मला काहीच त्रास होत नव्हता.

मी त्याची माफी मागितली. मास्कमागून तो काहीतरी म्हणाला. यावेळी मी हो म्हटलं नाही. म्हटलं, “हृषिकेश, मला ऐकू आलं नाही. लिहून दाखव.” त्याने फोनवर टाइप करून स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्याने लिहिलं होतं, “काका, किती दिवसांपासून?”

याचं उत्तर मलाही शोधावं लागलं. दहा ऑक्टोबरला कानांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या तपासणाऱ्या मुलीने काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन दिले, शिट्टी ऐकू आली की बटण दाबायला सांगितलं. बराच वेळ मला वाटत होतं की अजून सुरुवात झालेली नाही. नंतर तिने आलेख समोर ठेवला. दोन रेघा, डावीकडे बऱ्यापैकी वर, मध्यानंतर जिना उतरल्यासारख्या खाली. तिने कागदावर लिहून समजावलं की जाड आवाज मला येतात, बारीक आवाज जवळजवळ गेलेत. स, च, त, फ ही अक्षरं बारीक आवाजात असतात. त्यामुळे कोणीतरी बोलतंय हे मला कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. बायकांचा आवाज, लहान आवाज, रडवेला आवाज, फोनवरचा आवाज हे सगळ्यात आधी जातात. गाडीच्या आवाजातली धारही त्यातच गेली होती. सायलेन्सर पहिल्या दिवसापासून चांगला होता. तिने विचारलं, पूर्वी कुठे काम केलं? मी सांगितलं, ठाण्याला प्रेस शॉप, अकरा वर्षं. पत्रे दाबणारा दोनशे टनाचा प्रेस दर चार सेकंदांनी खाली यायचा. कानात कापूस घालणाऱ्याला आम्ही हसायचो.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. मला पूर्ण अंधारात ठेवून हे झालेलं नाही. पाच-सहा वर्षांपासून मला थोडं थोडं माहीत होतं. टीव्हीवर अक्षरं लावून बघायचो आणि म्हणायचो की ऑसी उच्चार कळत नाहीत. पार्टीत भिंतीला पाठ लावून बसायचो. लोकांच्या ओठांकडे बघायचो. बाकीचं मम्मी सांभाळायची. कोणी काही विचारलं की तीच प्रश्न फिरवून मोठ्याने परत म्हणायची, एडवर्ड, ते विचारतायत की असं असं. वीस-बावीस वर्षांत तिला त्याची इतकी सवय झाली होती की आपण हे का करतोय हा प्रश्न तिला कधी पडला नाही. मग सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि मम्मी दाराआड गेली. माझ्या हातात तीन वाक्यं उरली. हो हो. छान. नो वरीज. ही तीन वाक्यं दिवसभराच्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांना चालतात. मी कमी बोलणारा माणूस म्हणून ओळखला जातो, त्यामुळे कोणी चौथ्या वाक्याची अपेक्षाही करत नव्हतं.

तो आलेख मी मम्मीला दाखवला नाही. टूलबॉक्सच्या खालच्या खणात ठेवला. तिच्या नर्सिंग होममध्ये त्या दोन महिन्यांत नऊ म्हातारी माणसं गेली होती, तिला आणखी एक कागद कशाला द्यायचा, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. सायलेन्सर मात्र तिसऱ्यांदा उघडले. कापलेले पत्रे मी टाकून दिले नव्हते. ते मोजून, साफ करून पुन्हा जागच्या जागी वेल्ड केले, ग्लासवूल गच्च भरली. हृषिकेश डब्यावर फोन ठेवून उभा राहिला. ब्याण्णव आलं, मग पेट्यांमागे एक छोटी डबी जोडल्यावर अठ्ठ्याऐंशी. गाडी आता नवी असताना होती त्यापेक्षाही शांत आहे. हेल्मेट घातल्यावर ती चालू आहे की बंद हे मी टाकीवर तळवा ठेवून ओळखतो. मंजिरीने एक दिवस कुंपणावरून केळ्याचा केक दिला.

आता तुझ्यापर्यंत येतो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात लॉकडाऊन उठला. मम्मी खोलीतून बाहेर आली होती. एका सकाळी तिने तुला फोन लावला, मी गॅरेजमध्ये पेट्या बसवत होतो. अर्ध्या तासाने ती दारात येऊन उभी राहिली. मास्क नव्हता, हातात फोन होता. कित्येक आठवड्यांनी मी तिचं पूर्ण तोंड समोरून, उजेडात बघत होतो, त्यामुळे तिचा पहिला प्रश्न मला पूर्ण कळला. ती म्हणाली, “तू मला सांगितलं का नाहीस?” मला वाटलं तिला तो आलेख सापडला. मी म्हटलं, “तुला आधीच एवढा ताण होता. आणि त्यात काय मोठं, माझ्या वयात होतं असं.” तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातला पाना खाली ठेवला. ती म्हणाली, “एडवर्ड, आपलं नातवंड गेलं.” मधला शब्द मला दोनदा विचारावा लागला.

मग ती तिथेच तेलाच्या डब्यावर बसली आणि तू तिला जे बोललीस ते तिने मला सांगितलं. तू ओरडलीस म्हणे, की दोन महिने झाले, तुम्हा दोघांपैकी एकाने एकदाही विचारलं नाही. मम्मी प्रत्येक फोनवर मास्कबद्दल आणि शिफ्टबद्दल बोलते, आणि पप्पांना तर मी सगळं सांगितलं तेव्हा ते छान म्हणाले. मम्मीला काहीच माहीत नसल्यामुळे तिला आधी तुझं बोलणं समजलंच नाही. तुला पुन्हा सगळं सांगावं लागलं, जे पुन्हा सांगावं लागू नये म्हणून तू मला सांगितलं होतंस. मी खालच्या खणातून आलेख काढून मम्मीच्या हातात दिला. तिने तो पाहिला, उलटा करून मागची बाजूही पाहिली. मग ती तुला लगेच फोन लावायला निघाली. मी तिला थांबवलं. म्हटलं, हे मी सांगेन. बावीस वर्षं माझ्या वतीने तूच सगळ्यांशी बोललीस, हे नको. तिने चार आठवडे दिलेत. दरवेळी ती तुझ्याशी बोलून खोलीबाहेर आली की माझ्याकडे बघते आणि काही विचारत नाही. मी तुला त्या दिवसांत दोनदा फोन लावला, तू उचलला नाहीस. बरंच झालं असं म्हणत नाही, पण उचलला असतास तरी मला ऐकू आलं नसतं. आता मशीनं मिळाली आहेत, दोन्ही कानांत. पहिल्या दिवशी फ्रिजचा आवाज ऐकून मी तो बिघडला म्हणून मागे सरकवला. समोरच्या माणसाचं आता बरंच कळतं. फोनवर अजून जमत नाही.

तर रेनी, सहा सप्टेंबर, इथल्या फादर्स डेचा रविवार. फोनमध्ये नोंद आहे, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं, कॉल चौदा मिनिटांचा. मम्मी शिफ्टला होती. फादर्स डे म्हणजे तू शुभेच्छा द्यायला फोन केलास असं मी उचलायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. तू हळू बोलत होतीस. मला तुझा आवाज आला, शब्द एकही आला नाही. मी म्हटलं, थँक यू, छान वाटलं, विवेकलाही सांग. तू थांबलीस, मग परत बोललीस, आणि मी म्हटलं, हो हो, नो वरीज. नंतर तू गप्प झालीस, तेव्हा मला वाटलं आता माझी बोलायची पाळी आहे, आणि मी तुला सायलेन्सरबद्दल सांगत बसलो. जाड नळी, निम्मी ग्लासवूल. तू फोन ठेवला नाहीस, शेवटपर्यंत ऐकून घेतलंस. दिवस राहून साडेचार महिने झाले होते, सीमा उघडली की समोर बसून आम्हाला सांगायचं म्हणून तू थांबली होतीस, आणि त्या फोनच्या आधीच्या गुरुवारी सगळं संपलं, हे मला आता मम्मीकडून कळलंय. माझे कान गेलेत हे त्याचं कारण आहे, पण पूर्ण कारण ते नाही. ऐकू आलं नाही, परत सांग, एवढं मी म्हणू शकलो असतो. हृषिकेशला नंतर म्हणालोच. तुला म्हणालो नाही. एक तारखेपासून तुमच्या क्वीन्सलँडची सीमा आमच्या राज्यातल्यांसाठी उघडतेय. आम्हाला दोघांना गाडी काढून यायचंय. तू नको म्हणालीस तर येणार नाही, तसं लिही. पण हे पत्र मी दुसऱ्याच एका गोष्टीसाठी लिहायला बसलो. मम्मी म्हणते, मुलगी होती, आणि तुम्ही तिचं नाव ठेवलं होतंत. ते नाव तू मला त्या रविवारी सांगितलंस. मम्मीला तू परत सांगितलं नाहीस, म्हणालीस की एकदा सांगितलंय, पप्पांना विचार. तिने मला विचारलं. ती चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत घ्यायला नाव देणार आहे, पण त्यासाठी ती कधीही थांबेल. मला ते माझ्यासाठी हवंय. या घरात ते नाव फक्त माझ्या कानावर पडलंय आणि मला ते माहीत नाही. फोन करू नकोस, रेनी. लिहून पाठव.

तुझाच,
पप्पा